दोन ब्रिएन्झ: सरोवराकाठचे आणि डोंगरउतारावरचे

मे २०२३ मध्ये ‘डोंगर कोसळण्याच्या भीतीने स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ गाव रिकामे केले’ ही बातमी जगभर गेली, तेव्हा ती वाचणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांसमोर हिरवट-निळ्या सरोवराच्या काठावरची लाकडी घरे आली असतील. ते ब्रिएन्झ वेगळे. रिकामे झालेले गाव तिथून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर पूर्वेला, दुसऱ्या कँटनमध्ये, म्हणजे स्विस संघातल्या दुसऱ्या राज्यात, आणि दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात आहे आणि त्याच्या आसपास सरोवर नाही. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींमध्ये त्याच सरोवराजवळच्या इंटरलाकेनचा मुक्काम बहुधा असतोच, त्यामुळे पहिल्या ब्रिएन्झचे नाव मराठी प्रवाशांच्या कानावरून गेलेले असते. दुसऱ्याचे नाव कानावर येते ते बहुतेक वेळा डोंगर हलू लागल्यावरच. गोंधळात भर अशी की ऑगस्ट २०२४ मध्ये सरोवराकाठच्या ब्रिएन्झमध्येही डोंगरावरून दगडमातीचा लोंढा आला आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी डोंगरउतारावरचे ब्रिएन्झ दुसऱ्यांदा रिकामे करावे लागले. अशा वेळी ‘ब्रिएन्झमध्ये पुन्हा आपत्ती’ एवढ्या मथळ्यावरून काही कळत नाही. कोणते गाव, कोणता डोंगर आणि मुळात कोणत्या प्रकारची आपत्ती, हे तीनही प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

पहिले ब्रिएन्झ बर्न कँटनमध्ये, बर्नीज ओबरलँड या डोंगराळ भागात आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६६ मीटर उंचीवर, ब्रिएन्झ सरोवराच्या पूर्व टोकाजवळ, उत्तर किनाऱ्यावर ते पसरलेले आहे. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास आहे, म्हणजे स्विस मापाने ते अगदी खेडेही नाही आणि शहर तर नाहीच. दुसरे ब्रिएन्झ ग्राउब्युंडेन कँटनमध्ये, आल्बुला नदीच्या खोऱ्याच्या उत्तर उतारावर, सुमारे १,१५० मीटर उंचीच्या एका सपाटीवर आहे. खाली नदीकाठी टीफेनकास्टेल हे गाव आहे आणि वर उभा कडा. वस्ती शंभराच्याही आत. या गावाचे अधिकृत नाव जोडनाव आहे: ब्रिएन्झ/ब्रिन्झाउल्स. त्यातला पहिला भाग जर्मन, दुसरा रोमान्श भाषेतला. पुढे गल्लत होऊ नये म्हणून या लेखात डोंगरावरच्या गावाला ब्रिन्झाउल्स आणि सरोवराकाठच्या गावाला नुसते ब्रिएन्झ म्हटले आहे.

ब्रिएन्झचा सगळा इतिहास सरोवराने आणि सरोवरात उतरणाऱ्या ओढ्यांनी घडवला आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. सरोवर सुमारे १४ किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल ठिकाणी २६० मीटर आहे. आरे नदी गावाच्या जवळच, पूर्वेकडून त्यात शिरते आणि येताना हिमनद्यांनी खडक घासून केलेले पिठासारखे बारीक कण घेऊन येते. हे कण पाण्यात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. छायाचित्रांत दिसणारा तो दुधाळ हिरवा-निळा रंग त्यांचाच आहे. एके काळी हे सरोवर आणि पश्चिमेकडचे थून सरोवर मिळून एकच जलाशय होता. बाजूच्या खोऱ्यांतून येणाऱ्या प्रवाहांनी मधोमध गाळ टाकत टाकत त्याचे दोन तुकडे केले आणि त्या गाळाच्या सपाट जमिनीवर आज इंटरलाकेन उभे आहे. ब्रिएन्झ गावाखालची जमीनही याच पद्धतीने तयार झाली. मागच्या डोंगररांगेवरून उतरणारे आखूड आणि अतिशय तीव्र उताराचे ओढे सरोवराशी पोहोचताना आपले दगडगोटे पंख्याच्या आकारात पसरतात. उभ्या डोंगरात घर बांधण्याजोगी जमीन मिळते ती या पंख्यांवरच. ज्या ओढ्याने गावाला जागा दिली तोच अधूनमधून घरांवर येतो, यात म्हणूनच नवल नाही.

ब्रिएन्झचा लेखी उल्लेख ११४६ पासून मिळतो. मध्ययुगात या परिसरावर इंटरलाकेनच्या मठाचा मोठा प्रभाव होता. १५२८ मध्ये बर्नने धर्मसुधारणा स्वीकारून मठ बरखास्त केला, तेव्हा ओबरलँडच्या लोकांनी उठाव केला आणि बर्नने तो मोडून काढला. तेव्हापासून गाव प्रोटेस्टंट आहे. गावाच्या पूर्वेला कीनहोल्झ नावाची वस्ती आहे. १३५३ मध्ये बर्न स्विस संघात आले तेव्हाच्या करारात आपापसातले तंटे सोडवण्यासाठी भेटीची जागा म्हणून या कीनहोल्झची निवड झाली होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लॅमबाख ओढ्याच्या लोंढ्याने ती जुनी वस्ती गाडली गेली आणि १८९६ मध्ये याच ओढ्याने तिथे पुन्हा मोठे नुकसान केले.

ब्रिएन्झचे नाव जगात गेले ते मात्र लाकडामुळे. १८१६ हे वर्ष युरोपात उन्हाळ्याविनाच गेले आणि पिके बुडाली. त्या हलाखीच्या काळात क्रिस्टियान फिशर या इथल्या कारागिराने कोरीव लाकडी वस्तू बनवून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. गिऱ्हाईक समोरच होते, कारण सरोवराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा गीसबाख धबधबा पाहायला प्रवासी येऊ लागले होते. पाहता पाहता घरोघर कोरीव काम सुरू झाले आणि १८८४ मध्ये त्याचे रीतसर शिक्षण देणारी शाळा निघाली. ती आजही चालू आहे. १९४४ मध्ये व्हायोलिन घडवण्याची शाळाही इथेच सुरू झाली. इथल्या कारागिरांचा आवडता विषय म्हणजे अस्वल: मागच्या दोन पायांवर उभे, हातात तबक किंवा छत्र्या ठेवण्याचे कडे घेतलेले, अंगावरचा एकेक केस लिंडन किंवा अक्रोडाच्या लाकडात छोट्या पटाशीने ओढलेला. जुन्या वस्तूंच्या बाजारात ही अस्वले बरीच वर्षे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची म्हणून विकली जात होती. नावाची गल्लत या गावाच्या पाचवीलाच पुजलेली दिसते.

कोरीव कामाबरोबर रेल्वेही आली आणि तिचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. १८७९ मध्ये गीसबाखच्या धक्क्यापासून वरच्या हॉटेलपर्यंत दोरखंडाची रेल्वे झाली. एकाच रुळावरच्या दोन डब्यांनी मधल्या वळशावर एकमेकांना बाजू देण्याची कार्ल रोमान आब्ट या अभियंत्याची युक्ती तिथे प्रथम वापरली गेली. १८८८ मध्ये ब्र्युनिग खिंडीतून येणारी रेल्वे ब्रिएन्झपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. पुढे इंटरलाकेनला जायचे तर बोटीत बसावे लागे. किनाऱ्याने जाणारा रुळमार्ग १९१६ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे जवळजवळ तीन दशके प्रत्येक प्रवासी या गावात गाडी बदलण्यासाठी उतरत होता. दुकानदारांना याहून चांगली व्यवस्था मागूनही मिळाली नसती. १८९२ मध्ये गावातून थेट ब्रिएन्झर रोटहॉर्न शिखराकडे जाणारी दातेरी रुळांची रेल्वे सुरू झाली. ती आब्टच्याच पद्धतीची. ७.६ किलोमीटरांत ती १,६७८ मीटर चढते. पहिले महायुद्ध सुरू होताच ती बंद पडली आणि १९३१ पर्यंत बंदच राहिली. पुढे देशभर विजेच्या गाड्या आल्या तरी या मार्गावर वाफेची इंजिने टिकली. १९९० च्या दशकात तर तिच्यासाठी वाफेचीच नवी, तेलावर चालणारी इंजिने बनवली गेली. गावाजवळच १९७८ मध्ये सुरू झालेले बालेनबर्ग हे खुले संग्रहालय आहे. स्वित्झर्लंडच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरे सुटी करून तिथे पुन्हा उभारली आहेत.

ब्रिन्झाउल्सच्या इतिहासात यातले काहीही नाही. तिथे सरोवर नाही, रेल्वे स्थानक नाही आणि देशोदेशी नाव कमावलेला हस्तव्यवसायही नाही. तिथे आहे ती उतारावरची कुरणे, गुरे आणि जुन्या वाटेवरचे मोक्याचे स्थान. लेखी उल्लेखाच्या बाबतीत मात्र हे छोटे गाव थोरले ठरते, कारण त्याचे नाव नवव्या शतकातल्या राजसत्तेच्या मालमत्ता-नोंदीत सापडते. मध्ययुगात हा प्रदेश व्हाझ घराण्याच्या सरदारांकडे होता. गावाच्या पूर्वेला कड्यावर बेलफोर्ट या त्यांच्या गढीचे अवशेष अजून उभे आहेत. व्हाझांनंतर ती टोगेनबुर्ग घराण्याकडे गेली. १४३६ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा काउंट वारस न ठेवता मरण पावला, तेव्हा त्याच्या ताब्यातल्या प्रजेने एकत्र येऊन ‘दहा न्यायक्षेत्रांचा संघ’ स्थापन केला आणि बेलफोर्ट हे त्यातले एक न्यायक्षेत्र होते. पुढे इथले सरदारी हक्क ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्गांकडे आले. १४९९ च्या, हाब्सबुर्गांविरुद्धच्या श्वाबियन युद्धात स्थानिक लोकांनीच गढी जाळली आणि ती पुन्हा बांधली गेली नाही. उरलेले ऑस्ट्रियन हक्क सतराव्या शतकाच्या मध्यास पैसे मोजून सोडवून घेण्यात आले.

कीनहोल्झसारखीच एक करार-जागा ब्रिन्झाउल्सलाही आहे, हा योगायोग मला विशेष वाटतो. गावाच्या हद्दीतल्या व्हाझेरोल या वाडीत १४७१ मध्ये ग्राउब्युंडेनच्या तीनही संघांनी (दहा न्यायक्षेत्रांचा संघ त्यातलाच एक) एकत्र राहण्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. तिच्या आठवणीसाठी तिथे स्मारकही उभारलेले आहे. इतिहासकार त्याबाबत सावध असतात, कारण तिन्ही संघांना बांधणारा निर्विवाद लेखी करार १५२४ चा आहे. दोन्ही गावांमधला राजकीय फरक यातून स्पष्ट होतो. ब्रिएन्झचा प्रदेश चौदाव्या शतकापासून बर्नच्या मागोमाग स्विस संघात ओढला गेला, तर ब्रिन्झाउल्स ज्या तीन संघांत होते ते १८०३ पर्यंत स्वतंत्र मित्रराष्ट्र म्हणून राहिले आणि त्या वर्षी कँटन होऊन संघात आले. ब्रिन्झाउल्स कॅथलिकच राहिले. गावातल्या सेंट कॅलिक्स्टस चर्चमध्ये १५१९ ची उत्तर-गॉथिक शैलीतली दारे असलेली वेदी आहे, आणि एवढ्याशा गावात असे काम पाहून कोणालाही आश्चर्य वाटावे. बोली रोमान्शची सुर्मिरान ही शाखा, पण जर्मन आता तिच्यापुढे गेली आहे. २०१५ च्या १ जानेवारीला टीफेनकास्टेल, सुरावा, आल्वानेऊ वगैरे शेजाऱ्यांबरोबर विलीन होऊन हे गाव आल्बुला/आल्वरा या नगरपालिकेचा भाग झाले. त्यामुळे बातम्यांत कधी गावाचे, कधी नगरपालिकेचे नाव येते.

आता डोंगराकडे वळू, कारण खरी गल्लत तिथेच होते. दोन्ही ठिकाणी ‘दरड’ हा एकच शब्द वापरला जातो, पण जमीन हलण्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे.

ब्रिएन्झमध्ये येतो तो लोंढा. मागच्या डोंगरावर ढगफुटीसारखा पाऊस झाला की ओढ्याच्या वरच्या भागात साठलेली सैल माती, दगड, मोडलेली झाडे पाण्यात कालवली जातात आणि ओल्या काँक्रीटसारखे दाट मिश्रण काही मिनिटांत खाली येते. ते ओढ्याचा मार्ग धरून येते आणि पंख्यावर पोहोचले की पात्र सोडून पसरते. ऑगस्ट २००५ मध्ये दीर्घ पावसानंतर ग्लिसिबाख आणि ट्राख्टबाख या ओढ्यांनी असेच केले आणि दोन जणांचा बळी गेला. १२ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी वादळी पावसात मिलिबाख ओढ्याची पाळी आली. घरांत आणि रस्त्यांवर चिखल-दगडांचे थर साचले, गाड्या वाहून गेल्या, सुमारे ७० लोकांना हलवावे लागले. जीवितहानी झाली नाही. अशा आपत्तीत इशारा देण्यास वेळ फार थोडा मिळतो, पण ती कोठून येणार हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. म्हणून उपायही ठिकाणाला बांधलेले असतात: वरच्या भागात पायऱ्यापायऱ्यांचे बंधारे, गावाच्या वर दगड अडवणारे मोठे खड्डे, आणि खाली रुंद, मोकळे ठेवलेले पात्र. २००५ नंतर तिथल्या ओढ्यांवर असे काम झाले. शेजारचा ओढा मात्र प्रत्येक वेळी वेगळा असू शकतो, हे २०२४ ने दाखवले.

ब्रिन्झाउल्समध्ये लोंढा येत नाही; तिथे पूर्ण उतारच घसरतो आहे आणि गाव त्याच्या पाठीवर आहे. शेवटच्या हिमयुगात खोरे बर्फाने भरलेले होते. बर्फ वितळल्यावर उताराचा आधार गेला, तेव्हापासून ही हालचाल कमीअधिक वेगाने चालू आहे. तज्ज्ञ तिचे दोन भाग करतात: गावाच्या वरचा डोंगर आणि गावासकट खालची जमीन. वर कठीण पण भेगाळलेला खडक आहे, खाली पाण्याने सहज मऊ होणारे पातळ थरांचे खडक. पूर्वी गाव वर्षाला काही सेंटिमीटर सरकत होते. गेल्या दोन दशकांत हा वेग वाढत जाऊन वर्षाला एक मीटरच्या वर गेला. एका घराच्या भिंतीला भेग पडते, दाराची चौकट तिरकी होते, चर्चचा मनोरा कलतो, रस्त्यावर दर काही महिन्यांनी नवे डांबर टाकावे लागते, पाण्याच्या नळांना ताण सोसणारे लवचीक जोड द्यावे लागतात; आणि तरीही शेजारी-शेजारची घरे जवळपास एकाच वेगाने एकाच दिशेला जात असल्याने गाव गावासारखे दिसत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही गावाच्या पूर्वेचा मोठा भाग सुटून खाली गेला होता. त्या जागेला आजही ‘इग्ल रुच’ म्हणतात.

२०२३ च्या वसंतात वरच्या डोंगराचा एक तुकडा झपाट्याने वेग घेऊ लागला. मोजणाऱ्यांनी डोंगराच्या तुकड्यांना नावे दिली होती आणि या तुकड्याचे नाव होते ‘इन्सेल’, म्हणजे बेट. त्यात सुमारे २० लाख घनमीटर खडक होता. रडार आणि उतारावर बसवलेले मापनबिंदू दिवसरात्र त्याची गती टिपत होते आणि धोक्याच्या पायऱ्या पिवळी, नारिंगी, लाल अशा रंगांनी जाहीर होत होत्या. ९ मे रोजी नारिंगी पायरी जाहीर झाली आणि १२ मे च्या संध्याकाळी सहापर्यंत सर्व रहिवाशांना, ऐंशीच्या वर लोकांना, गाव सोडावे लागले. नंतरचे काही आठवडे जाहीर अंदाज बदलत राहिले. अखेर १५ जूनच्या रात्री, मध्यरात्रीच्या थोडे आधी, ‘बेटा’चा मोठा भाग कोसळला. सकाळी पाहिले तर दगडांचा ढीग शाळेच्या इमारतीपासून अगदी थोड्या अंतरावर थांबला होता. रस्ता काही मीटर उंचीच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता, पण गावातली घरे जवळजवळ जशीच्या तशी होती. ३ जुलैला लोक घरी परतले.

लोंढा आणि घसरण यांतला फरक इथे नेमका कळतो. घसरणीत वेळ मिळतो. महिनोन् महिने मोजमाप करता येते, म्हणूनच एवढा डोंगर पडूनही कोणाला इजा झाली नाही. पण उपायासाठी बांध घालता येत नाही, कारण जो बांध घालाल तोही घसरणाऱ्या जमिनीवरच उभा असेल. करता येण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे आतले पाणी काढणे. २०२१ पासून घसरणाऱ्या थराच्या खालच्या पक्क्या खडकात एक चाचणी बोगदा खोदण्यात आला. त्यातून वरच्या दिशेने छिद्रे पाडून पाण्याचा दाब कमी केला तेव्हा जवळच्या भागाची गती मंदावली. त्या आधारावर सुमारे ४ कोटी फ्रँक खर्चाचा मोठा निचरा-बोगदा हाती घेण्यात आला. बोगदा उताराचा पाणीदाब उतरवू शकतो, वर आधीच सुटलेले दगड परत चिकटवू शकत नाही. ही मर्यादा २०२४ च्या शरदात समोर आली. पावसाने वरचा ढिगारा, सुमारे १२ लाख घनमीटर, पुन्हा वेग घेऊ लागला आणि १७ नोव्हेंबर २०२४ रोजी गाव दुसऱ्यांदा रिकामे झाले. यावेळी घराबाहेरचा मुक्काम काही आठवड्यांपुरता नव्हता. आसपासच्या सुरक्षित वस्त्यांत, व्हाझेरोलसारख्या ठिकाणी, कायमचे स्थलांतर करण्याच्या योजना याच काळात गंभीरपणे पुढे आल्या.

गंमत अशी की बोगद्यातल्या पाण्याशी ब्रिएन्झच्या सरोवराचा काही संबंध नाही आणि तरीही शोध घेणाऱ्याला एकाच नावाखाली दोन्ही सापडतात. नुसते ‘ब्रिएन्झ’ शोधल्यास सरोवराकाठचे गाव वर येते. ‘ब्रिएन्झ, दरड’ शोधल्यास जाळ्यात आल्बुलाचे खोरे येते. भर म्हणून पहिल्या ब्रिएन्झच्या शेजारी ब्रिएन्झविलर नावाचे आणखी एक गाव आहे. ते वेगळी नगरपालिका आहे आणि बालेनबर्ग संग्रहालयाची एक बाजू त्याला लागूनच आहे. टपालाचा क्रमांक हा सर्वांत भरवशाचा पुरावा: ब्रिएन्झसाठी ३८५५, ब्रिन्झाउल्ससाठी ७०८४. प्रवासाचा आराखडा करताना स्थानकाच्या नावाकडे पाहावे. रेल्वेने थेट पोहोचता येते ते फक्त सरोवराकाठच्या गावात, इंटरलाकेन किंवा ल्युझर्नकडून. ब्रिन्झाउल्ससाठी कूरहून आल्बुला मार्गावरची, १९०३ पासून धावणारी अरुंद रुळांची गाडी टीफेनकास्टेलपर्यंत घ्यावी लागते आणि पुढे टपाल खात्याची पिवळी बस. तीही रस्ता खुला असेल तरच. धोक्याच्या दिवसांत टीफेनकास्टेल-सुरावा दरम्यानचा रस्ता आणि रेल्वेही बंद ठेवण्याची वेळ आलेली आहे, त्यामुळे त्या बाजूला निघण्याआधी नगरपालिकेची ताजी सूचना पाहून घ्यावी.